स्वनिर्मित विमानांतील आघातकोनाची पूर्वसूचना : एका उपकरणाचा इतिहास

१

विमानविद्येच्या इतिहासात काही गोष्टी फार लवकर कळल्या, पण वळल्या मात्र फार उशिरा. पंखाचा आघातकोन ही त्यांपैकी एक होय. पंखाच्या छेदाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत काढलेली सरळ रेषा आणि समोरून येणारा वायुप्रवाह यांमधील कोनास आघातकोन म्हणतात; इंग्रजीतील 'अँगल ऑफ अटॅक' तो हाच. हा कोन जसजसा वाढतो तसतशी पंखाची उत्थापक प्रेरणा वाढत जाते. परंतु ही वाढ अमर्याद नसते. सामान्य विमानाच्या पंखाच्या बाबतीत सुमारे १५ ते १८ अंशांच्या आसपास एक मर्यादा येते. ती ओलांडली की पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला बिलगून वाहणारी हवा त्यापासून सुटी होते, उत्थापक प्रेरणा घटते, ओढ वाढते आणि विमान हवेत टिकेनासे होते. वैमानिकांच्या परिभाषेत या अवस्थेस 'स्टॉल' म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी या अर्थाने वापरलेल्या शब्दाचा काहीही संबंध नाही.

स्टॉल ही कोनाची घटना आहे, वेगाची नव्हे. तथापि विमानात वैमानिकासमोर असते ते वेगमापक. सरळ उड्डाणात ५० नॉट वेगाला स्टॉल होणारे विमान ६० अंश कलून, उंची न गमावता वळू लागले तर त्याच्या पंखांवरील भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग दोनाच्या वर्गमूळाच्या पटीत, म्हणजे सुमारे ७१ नॉटपर्यंत चढतो. विमानात वजन अधिक असेल तरीही तो चढतो. आघातकोन मात्र या सर्व प्रसंगी जवळजवळ तोच राहतो. म्हणून वेग पाहून स्टॉल टाळणे म्हणजे प्रत्येक वेळी मनात एक हिशेब मांडणे होय. आणि उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर, सुमारे हजार फुटांहूनही कमी उंचीवर, धावपट्टीकडे डोळे लागलेले असताना, हा हिशेब हमखास चुकतो.

हा दोष दूर करणारी साधने गेल्या शतकाच्या प्रारंभापासून सुचविली गेली. त्यांचा इतिहास सामान्यत: शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु स्वनिर्मित विमानांच्या, म्हणजे हौशी माणसांनी स्वत:च्या हातांनी बांधलेल्या विमानांच्या संदर्भात तो पाहिला, तर त्यामागे निराळाच प्रश्न उभा राहतो. उपकरण कोणी शोधले यापेक्षा त्यावरील धोक्याची खूण कोणी आणि कोणत्या पुराव्यावर करावयाची, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखाचा रोख त्या प्रश्नावर आहे.

२

ऑटो लिलिएंथाल याच्या मृत्यूपासून या इतिहासाचा आरंभ करणे योग्य ठरेल. ९ ऑगस्ट १८९६ रोजी जर्मनीतील ऱ्हिनोच्या टेकड्यांवर त्याचे ग्लायडर स्टॉल होऊन कोसळले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. ज्याने पंखाची उत्थापक प्रेरणा वेगवेगळ्या कोनांना पद्धतशीर मोजली होती, त्याच्याच वाट्याला हा मृत्यू यावा, यात या विषयाचे सारे स्वरूप सामावलेले आहे. कोनाचे ज्ञान कागदावरील कोष्टकात होते. उड्डाण करणाऱ्याच्या हाती ते त्या क्षणी पोचविणारे साधन नव्हते.

राइट बंधूंनी या मृत्यूचा गंभीरपणे विचार केला होता. विमानाचे नाक वरखाली करणारे आडवे नियंत्रण त्यांनी पंखाच्या पुढे बसविले, त्यामागे लिलिएंथालप्रमाणे अचानक नाक खाली जाऊन कोसळणे टळावे हाही हेतू होता. १९०१ साली त्यांनी लहानशा वातविवरात, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बंद पेटीत, सुमारे २०० आकारांच्या पंखांची परीक्षा केली आणि कोनानुसार प्रेरणा कशी बदलते याची मोजमापे घेतली. सायकलींचे दुकान चालविणाऱ्या या दोन भावांचे १९०३ सालचे विमान हे वस्तुत: स्वनिर्मित विमानच होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे राइट कंपनीचे 'मॉडेल सी' हे विमान अमेरिकन सैन्याने घेतले आणि त्याच्या अपघातांत एकामागून एक वैमानिक मृत्युमुखी पडले. १९१४ च्या फेब्रुवारीत सैन्याने पंखामागे पंखा असलेल्या या प्रकारच्या विमानांचा वापर थांबविला. वैमानिक इंजिनाच्या जोरावर नाक फार वर उचलतात व विमान स्टॉल करतात, असे ऑर्व्हिल राइटचे मत होते. त्यावर उपाय म्हणून त्याने कोनदर्शक उपकरण तयार केले. चढ किंवा उतार धोकादायक झाला की वैमानिकास ते दिसावे, अशी त्यामागील कल्पना होती. ३१ डिसेंबर १९१३ रोजी त्याने ज्या स्वयंचलित संतुलकाचे प्रात्यक्षिक केले, त्यातही नाकाची दिशा सांभाळण्यासाठी वाऱ्याने हलणारे पातेच वापरले होते.

असे असूनही कोनदर्शक रूढ झाला नाही, वेगमापक रूढ झाला. याची कारणे समजण्यासारखी आहेत. वेगमापक मार्गक्रमणाला उपयोगी पडतो, विमानाचा सांगाडा किती वेग सोसेल तेही त्यावरून सांभाळता येते, आणि सरळ उड्डाणात स्टॉलचा अंदाजही त्यातून मिळतो. एकाच तबकडीत तीन कामे होत असतील, तर चौथ्या उपकरणाची आठवण कोण ठेवणार? सोय जिंकली आणि तत्त्व मागे पडले.

३

हौशी विमानबांधणीच्या इतिहासात आघातकोनाचा प्रश्न प्रथम ठळकपणे उभा राहिला तो फ्रान्समध्ये, आणि तोही विपरीत टोकाने. आंरी मिन्ये याने १९३३ साली 'पू-दू-सिएल' म्हणजे 'आकाशातील पिसू' या नावाचे चिमुकले विमान उडविले आणि १९३४ साली ते कसे बांधावे हे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याला लाकडी खोके ठोकता येते त्याला हे विमानही बांधता येईल, असा त्याचा विश्वास होता. फ्रान्स व इंग्लंड या देशांत अनेक उत्साही माणसांनी आपापल्या वखारींत व गाड्यांच्या खोल्यांत ही विमाने बांधावयास घेतली.

या विमानाला एकामागे एक असे दोन पंख होते. पुढचा पंख बिजागरीवर वरखाली फिरे आणि त्यावरच चढउताराचे नियंत्रण अवलंबून असे. मागचा पंख स्थिर होता. दोन पंखांमधील फट अरुंद असल्याने त्यांच्यावरील वायुप्रवाह एकमेकांत गुंतलेला होता. विमान तीव्र उतारास लागले आणि वैमानिकाने नाक उचलण्यासाठी दांडा ओढला, की पुढचा पंख फिरून ती फट आणखी अरुंद होई, त्यातून जोराने जाणारी हवा मागच्या पंखाची उत्थापक प्रेरणा वाढवी, आणि नाक वर येण्याऐवजी खालीच राही. वैमानिकाची योग्य कृती अयोग्य परिणाम घडवीत होती. प्राणांतिक अपघात घडू लागल्यावर फ्रान्समधील शाले-म्यूदाँ व इंग्लंडमधील फार्नबरो येथील मोठ्या वातविवरांत प्रत्यक्ष विमान ठेवून परीक्षा झाली, तेव्हा हे रहस्य उलगडले. १९३६ साली ब्रिटनमध्ये या विमानांना परवाने देणे थांबविण्यात आले.

हा प्रसंग स्टॉलचा नव्हता; धोका मोठ्या कोनात नसून लहान कोनात दडलेला होता. पण त्यातून निघालेला धडा पुढील सर्व काळाला लागू पडला. आराखडा तोच असला, बांधणारा कुशल असला, आणि विमान अनेक वेळा सुखरूप उडाले असले, तरीही आघातकोनाच्या कोणत्या टोकाला काय घडते हे वखारीत बसून कळत नाही. ते मोजावेच लागते. मिन्येच्या अनुयायांपाशी मोजण्याचे साधन नव्हते. ते सरकारी वातविवरात होते, आणि तेथपर्यंत विमान पोचण्यापूर्वी माणसे मेली होती.

४

यानंतरच्या दशकात अमेरिकेत तीन निरनिराळ्या दिशांनी प्रयत्न झाले. पहिला प्रयत्न फ्रेड वाईक याचा. त्याच्या 'एरकूप' या विमानाने १९३७ साली प्रथम उड्डाण केले. त्यात शेपटीकडील एलेव्हेटरची हालचाल मुद्दाम मर्यादित ठेवलेली होती. दांडा कितीही ओढला तरी पंख स्टॉलच्या कोनापर्यंत पोचणार नाही, अशी ही योजना होती. येथे सूचना देण्याऐवजी धोक्याचा मार्गच बंद केलेला होता.

दुसरा प्रयत्न शिक्षणाचा. वोल्फगांग लांगेवीशे याने १९४४ साली 'स्टिक अँड रडर' हे पुस्तक लिहून, उड्डाणकलेचे सारे मर्म आघातकोनात आहे आणि वैमानिकांच्या शिक्षणात नेमकी तीच गोष्ट अंधारात राहते, हे सामान्य माणसाच्या भाषेत मांडले. पुस्तक पिढ्यानुपिढ्या वाचले गेले. परंतु ज्ञान आणि त्या क्षणीची जाणीव यांतील अंतर पुस्तकाने भरून निघत नाही, हे लिलिएंथालच्या काळापासूनचे सत्य त्यामुळे बदलले नाही.

तिसरा प्रयत्न उपकरणाचा. लेनर्ड ग्रीन याने स्टॉलची पूर्वसूचना देणारे साधन तयार केले आणि १९४६ साली त्यासाठी कंपनी स्थापन केली. त्याची रचना आश्चर्य वाटावे इतकी साधी होती. पंखावर येणारा वारा पुढच्या कडेपाशी दुभंगतो. काही हवा वर जाते, काही खाली. दुभंगण्याच्या जागी हवेची गती शून्य होते. आघातकोन वाढला की हा गतिशून्य बिंदू कडेच्या खालच्या बाजूला सरकतो. त्या मार्गावर एक लहानशी हलती पत्ती बसविली, तर एरवी वारा तिला खाली दाबून ठेवतो. पण बिंदू पत्तीच्या खाली सरकताच वारा तिला वर उचलतो, विजेचे मंडळ पुरे होते आणि भोंगा वाजतो. पत्तीला वेग कळत नाही, वजन कळत नाही, वळण कळत नाही. कळतो तो फक्त कोन.

सेस्ना कंपनीच्या लहान विमानांत याच तत्त्वाचे विजेवाचूनचे रूप दिसते. पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असते. कोन वाढला की तेथे हवेचा दाब घटतो, नळीतून हवा बाहेर ओढली जाते आणि वाटेतील रीड वाजू लागते. बाजाच्या पेटीतून सूर निघतो त्याच न्यायाने येथे धोक्याचा सूर निघतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन नियमांनी लहान विमानांना स्टॉलपूर्वी स्पष्ट सूचना मिळणे आवश्यक ठरविले. ही सूचना पंखांच्या नैसर्गिक थरथरीने मिळो वा उपकरणाने, ती स्टॉलच्या वेगापेक्षा किमान ५ नॉट आधी मिळाली पाहिजे, असा दंडक पुढे रूढ झाला. कारखान्यात एका नमुना-विमानावर परीक्षण-वैमानिक हे सिद्ध करी, आणि त्या नमुन्याबरहुकूम साच्यात बांधलेल्या पुढील प्रत्येक विमानात पत्तीची जागा ठरलेली असे. खूण कोणी करावयाची या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने मिळाले होते : खूण कारखान्याने करावयाची आणि शासनाने तपासावयाची.

५

स्वनिर्मित विमानांना हे उत्तर लागू पडत नव्हते. युद्धोत्तर काळात जॉर्ज बोगार्डस याने स्वत:चे छोटे विमान ओरेगनहून वॉशिंग्टनपर्यंत नेऊन हौशी बांधकऱ्यांची बाजू शासनापुढे मांडली. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशा विमानांना 'प्रायोगिक' या सदराखाली कायद्याची मान्यता स्थिरावली, आणि २६ जानेवारी १९५३ रोजी पॉल पोबेरेझ्नी याच्या पुढाकाराने मिलवॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. विमानाचा बहुतांश भाग हौशी माणसाने शिक्षणासाठी वा छंदासाठी बांधलेला असला, तर कारखान्यातील विमानांचे दंडक त्याला लावावयाचे नाहीत, हे या व्यवस्थेचे सूत्र होते. साहजिकच स्टॉलच्या पूर्वसूचनेचे बंधनही उरले नाही.

बंधन नाही याचा अर्थ गरज नाही असा नव्हे. आराखडा एक असूनही दोन हौशी माणसांची विमाने कधीच एक नसतात. पुढच्या कडेची गोलाई एखाद्या मिलिमीटरने बदलते, एका पंखाला किंचित पीळ राहतो, रंगाची कड उभी राहते, वजन ठरल्यापेक्षा वाढते. या सर्वांचा परिणाम स्टॉल केव्हा आणि कसा होतो यावर घडतो. काही पंख आधी थरथरून इशारा देतात, काही एकाएकी सोडून देतात. म्हणून आराखडा विकणाऱ्याने कागदावर दिलेली पत्तीची जागा हा केवळ आरंभबिंदू ठरतो. अंतिम जागा त्या त्या विमानालाच विचारावी लागते.

हा प्रश्न रचनेनेच सोडविण्याचा प्रयत्न बर्ट रुटान याने केला. त्याच्या १९७५ सालच्या 'व्हॅरीईझी' व नंतरच्या 'लाँगईझी' या विमानांत मुख्य पंखाच्या पुढे एक लहान पंख असे. तो आधी स्टॉल होई व विमानाचे नाक आपोआप किंचित खाली येई, त्यामुळे मुख्य पंख धोक्याच्या कोनापर्यंत जातच नसे. वाईकची कल्पना येथे निराळ्या मार्गाने पुन्हा अवतरली होती. पण हे वरदान पुढच्या पंखाच्या अचूक आकारावर व गुरुत्वमध्याच्या जागेवर अवलंबून होते, म्हणजे अखेर बांधणाऱ्याच्या काटेकोरपणावरच. शिवाय १९७० नंतर लोकप्रिय झालेल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन याच्या 'आरव्ही' मालिकेसह बहुसंख्य स्वनिर्मित विमाने नेहमीच्या रचनेचीच राहिली.

६

अशा विमानांत पूर्वसूचनेचे उपकरण बसविण्याची जी पद्धत विकसित झाली, तिच्याकडे आता वळावयास हवे; कारण या इतिहासाचे सार तिच्यात आहे. उपकरणांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार ग्रीनच्या पत्तीचा. पत्ती पंखाच्या पुढच्या कडेला, पंख्याच्या झोतापासून दूर, लांबट छिद्रांतील स्क्रूंनी बसवितात, म्हणजे ती थोडी वरखाली सरकविता येते. भोंगा फार उशिरा वाजत असेल तर पत्ती वर सरकवावयाची, फार आधी वाजत असेल तर खाली. हे सरकविणे मिलिमीटरांचे असते. पण प्रत्येक वेळी विमान जमिनीवर उतरवून, स्क्रू ढिले करून, पुन्हा उंच जाऊन पाहावे लागते. या प्रकाराची मर्यादा अशी की पत्तीला एकच कोन कळतो; त्याच्या अलीकडे किती अंतर शिल्लक आहे हे ती सांगत नाही.

दुसरा प्रकार वातकुक्कुटाचा. आडव्या दांड्यावर बसविलेले पाते वाऱ्याच्या दिशेत उभे राहते आणि त्याचा कोन वैमानिकाला दिसतो. पंखाजवळची हवा पंख येण्यापूर्वीच वर वळू लागते, म्हणून पात्याने दाखविलेला कोन हा खरा आघातकोन नसतो. परंतु त्याने बिघडत नाही. वैमानिकाला अंशांची संख्या नको असते. स्टॉलच्या वेळी पाते कोठे होते एवढेच त्याला हवे असते.

तिसरा प्रकार दाबछिद्रांचा. पंखाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवर, किंवा पिटो नळीच्या तिरप्या तोंडावर छिद्रे पाडून तेथील दाबांतील फरक मोजला जातो. हा फरक कोनाबरोबर बदलतो, पण वेगाबरोबरही बदलतो. म्हणून त्याला वायुप्रवाहाच्या गतिज दाबाने भागले तरच निखळ कोन हाती येतो. हा भागाकार इलेक्ट्रॉनिक मंडळांनी सोपा केला. विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर स्वनिर्मित विमानांत इलेक्ट्रॉनिक पडदे आले तेव्हा या प्रकाराचा प्रसार झाला. त्याचे शत्रू साधे आहेत : नळीतील सूक्ष्म गळती, पाण्याचा थेंब, छिद्रात शिरलेला किडा.

तिन्ही प्रकारांना अंशांकन, म्हणजे उपकरणाच्या खुणा प्रत्यक्षाशी ताडून बसविणे, अटळ असते. शांत हवेत, काही हजार फुटांच्या उंचीवर, वेग सेकंदाला सुमारे एक नॉट या बेताने कमी करीत विमान स्टॉलपर्यंत न्यावयाचे आणि उपकरणाला ती जागा दाखवावयाची. घाईने नाक उचलले तर हवा पंखाला किंचित अधिक काळ बिलगून राहते आणि खूण चुकीच्या जागी पडते. फ्लॅप खाली केले की पंखाचा आकारच बदलतो. म्हणून फ्लॅपच्या प्रत्येक स्थितीत परीक्षा निराळी करावी लागते. अखेरची कसोटी वळणाची. विमान कलते करून वळत असता इशारा सरळ उड्डाणापेक्षा अधिक वेगाला, पण पडद्यावरील त्याच खुणेला मिळाला, तर उपकरण कोन मोजते आहे असे सिद्ध होते. तो त्याच वेगाला मिळाला, तर नव्या डब्यात जुना वेगमापकच बसविला गेला आहे असे समजावे.

इशारा किती आधी मिळावा हाही विचाराचा विषय आहे. फार उशिरा मिळालेला इशारा निरुपयोगी असतो हे उघड आहे. फार आधी मिळणारा इशारा मात्र अधिक फसवा असतो. प्रत्येक उतरणीला भोंगा वाजू लागला की वैमानिकाचा कान त्याला सरावतो, आणि एखादा त्याचा फ्यूजच काढून ठेवतो. इशारा कानाला मिळावा की डोळ्याला, यावरही विचार झाला आहे. शेवटच्या वळणात डोळे धावपट्टीवर असतात. म्हणून एफ-४ फँटम या लढाऊ विमानात कोनाची स्थिती सुरांच्या फरकाने वैमानिकाच्या कानी घालण्याची योजना होती. हौशी बांधकऱ्यांनीही पुढे तीच वाट धरली.

या सर्वांत एक विरोधाभास उरतो, आणि तो कोणत्याही कौशल्याने नाहीसा होत नाही. विमान उडाल्याखेरीज उपकरणाचे अंशांकन होत नाही. म्हणजे ज्या पहिल्या उड्डाणांत विमानाचा स्वभाव कोणालाच ठाऊक नसतो आणि पूर्वसूचनेची गरज सर्वाधिक असते, त्याच उड्डाणांत उपकरणाचा शब्द प्रमाण मानता येत नाही. अमेरिकेत स्वनिर्मित विमानासाठी सामान्यत: २५ ते ४० तासांचा परीक्षण-काळ ठरविला गेला. पहिल्या तासांत सावधपणे मोठे अंतर राखून उडावयाचे, मग उंचीवर जाऊन खुणा बसवावयाच्या, आणि मगच त्यांवर विसंबावयाचे, हा क्रम त्या काळात पाळला तर विरोधाभास सुटत नाही, पण सुसह्य होतो.

७

एकविसाव्या शतकात या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष पुन्हा वळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली स्वनिर्मित विमानांच्या सुरक्षिततेचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी व लहान विमानांच्या ताफ्यात स्वनिर्मित विमानांचे प्रमाण सुमारे १० टक्के असूनही २०११ साली त्या वर्गातील एकूण अपघातांपैकी सुमारे १५ टक्के व प्राणांतिक अपघातांपैकी सुमारे २१ टक्के त्यांच्या वाट्याला आले होते. प्राणांतिक अपघातांत उड्डाण चालू असता ताबा सुटणे या कारणाचा वाटा सर्वांत मोठा होता. आकडे बोलके आहेत. बंधनातून मिळालेल्या मोकळिकीची ही किंमत होती.

परंतु मोकळिकीची दुसरी बाजूही आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. कारखान्यातील विमानात एखादे नवे उपकरण बसवावयाचे तर त्याच्या मान्यतेसाठी वेळ व पैसा इतका लागे की लहान विमानांचे मालक त्या वाटेला जात नसत. स्वनिर्मित विमानांना ही अडचण नव्हती. त्यामुळे शिल्लक अंतर सतत दाखविणारे स्वस्त आघातकोन-दर्शक प्रथम रुजले ते हौशी माणसांच्या विमानांत. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने कारखान्यातील लहान विमानांसाठीही पूरक म्हणून अशी उपकरणे बसविण्याची मान्यता सोपी केली. ज्या विमानांना पूर्वसूचनेच्या दंडकातून वगळले होते, त्यांनीच दंडक पाळणाऱ्या विमानांना पुढची वाट दाखविली, असे म्हणावयास हरकत नाही.

मोठ्या विमानांच्या जगातही याच सुमारास खुणेचा प्रश्न दारुण रीतीने पुढे आला. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी बोइंग ७३७ मॅक्स जातीचे एक प्रवासी विमान जावा समुद्रात कोसळून १८९ माणसे मृत्युमुखी पडली. त्याला नव्याने बसविलेल्या आघातकोन-मापकाच्या अंशांकनात दुरुस्तीच्या वेळी सुमारे २१ अंशांची चूक राहून गेली होती, असे इंडोनेशियाच्या चौकशीत आढळले. विमानाची एक स्वयंचलित प्रणाली त्या एकाच मापकावर विसंबून नाक पुन:पुन्हा खाली दाबीत राहिली. १० मार्च २०१९ रोजी त्याच जातीचे दुसरे विमान इथिओपियात कोसळून १५७ माणसे गेली. तेथेही एका आघातकोन-मापकाच्या चुकीच्या मापाने तीच प्रणाली चालू झाली होती. सूचक नसणे आणि चुकीचा सूचक असणे यांत अधिक भयंकर काय, याचे उत्तर या घटनांनी दिले.

८

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष उपकरणांच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही. लिलिएंथालपाशी कोष्टक होते, साधन नव्हते. ऑर्व्हिल राइटपाशी साधन होते, पण ते वापरण्याची रीत वैमानिकांत रुजली नाही. मिन्येच्या अनुयायांपाशी उत्साह होता, मोजमाप नव्हते. कारखान्यांपाशी मोजमाप होते, पण ते नमुन्याचे होते, आणि नमुना व प्रत एकच आहेत या गृहीतावर ते उभे होते. हौशी बांधकऱ्यापाशी असे गृहीत धरण्याची सोयच नसते. त्याचे विमान हाच नमुना आणि तीच प्रत. त्यामुळे खूण त्याने स्वत:च, स्वत:च्या विमानावर, उंच हवेत जाऊन करावी लागते.

यामुळे त्याची जबाबदारी वाढते, तसा त्याचा अधिकारही वाढतो. आपल्या विमानाचा स्टॉल कोणत्या खुणेला होतो हे ज्याने पाचपन्नास वेळा स्वत: पाहिले आहे, त्याला भोंग्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्याने पत्ती विकत आणून आराखड्यातील मापाने बसविली आणि नंतर कधी तपासली नाही, त्याच्या विमानात उपकरण आहे, पण सूचना नाही. आघातकोनाचे ज्ञान लिलिएंथालच्या टेकडीवरून हौशी माणसाच्या पडद्यापर्यंत येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. त्यातील अखेरची पायरी मात्र प्रत्येक विमानापुरती पुन्हा चढावी लागते, आणि ती चढण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपविता येत नाही.